शिवडीचे पत्र : आधी माप, मग कात्री

वाचक भगिनींनो,

आजचे पत्र घरात मोठ्याने वाचायचे की साडीच्या घडीत ठेवून दुपारी एकटीने वाचायचे, हे तुमचे तुम्ही ठरवा. माझे विचाराल तर मोठ्याने वाचावे. गाईच्या कासेला दगडी झाली तर आपण घरातल्या सगळ्यांदेखत बोलतो, गुरांच्या डॉक्टरला बोलावणे धाडतो. पण लेकीच्या छातीविषयी बोलायचे म्हटले की आपला आवाज आपोआप खाली जातो. आवाज खाली गेला की खरी माहिती देणारा माणूस भेटत नाही, आणि भेटतो तो जाहिरातवाला.

आमची शिवडी तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. कुणाला इथले क्षयाचे मोठे रुग्णालय आठवेल. कुणाच्या आजोबांनी शेजारचे कॉटन ग्रीन स्टेशन पाहिले असेल. एके काळी खेड्यापाड्यांतला कापूस तिथल्या गोदामांत येऊन पडत असे. आता २०२४ सालापासून खाडीवरून पलीकडे उरणच्या बाजूला जाणारा लांबलचक पूलही इथूनच सुरू होतो. पण गावाकडून माझ्याकडे माणसे येतात ती पूल पाहायला नव्हे. परळची के. ई. एम., टाटा, वाडिया ही रुग्णालये आमच्यापासून जवळ. तेव्हा केसपेपर काढायचा, तपासणीची तारीख घ्यायची, चार दिवस वळकटी टाकायला जागा हवी, म्हणून माणसे येतात. आमची खोली लहान, पण आल्या माणसाला आजवर परत पाठवलेले नाही.

मागे अशीच नात्यातली एक भावजय आपल्या लेकीला घेऊन आली. नाव-गाव सांगत नाही. पत्रात लिहू का म्हणून दोघींना विचारले आहे. मुलगी वीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, कामाला वाघीण. पहिल्या दिवशी सांगितले ते एवढेच, की "दवाखान्याचं काम आहे." दुसऱ्या रात्री पोरगी झोपल्यावर भांडी घासता घासता भावजय बोलू लागली.

"वन्सं, पोरगी अंघोळ अंधारात उरकती. नदीवर, विहिरीवर बायकांत यायची बंद झाली. लग्नाचं नाव काढलं की रडती."

मी विचारले, "गाठ-बिठ लागतेय का हाताला?"

"गाठ न्हाई. आकारच तसा हाय. खाली अरुंद अन् पुढं नळीसारखा. एक लहान, एक मोठा. माझंच काय चुकलं का वो, वन्सं? लहानपणी मी तिला घट्ट झबली घालायची."

भगिनींनो, हा प्रश्न ऐकून मला वाईट वाटले. वीस वर्षे त्या बाईने हा भार मनात वाहिला होता. तेव्हा पहिली गोष्ट पहिल्यांदा सांगते. घट्ट झबल्याने असे होत नाही. पालथे झोपल्याने होत नाही, जड ओझे उचलल्याने होत नाही, ग्रहणात काही कापल्या-चिरल्यानेही होत नाही. वयात येताना काही मुलींच्या स्तनाचा खालचा भाग पसरतच नाही. स्तनाच्या बुडाशी ऊतींचा एक आवळ पट्टा असतो. कुंडीत लावलेल्या झाडाच्या मुळ्या जशा बाजूला पसरू शकत नाहीत, तशी आतली गाठाळ वाढ बाजूला जाऊ शकत नाही. ती वाट सापडेल तिकडे, म्हणजे पुढे येते. त्यामुळे स्तन बुडाशी अरुंद राहतो, खालची वळी वर सरकलेली दिसते, बोंडाभोवतीचे काळे वर्तुळ मोठे आणि फुगीर होते, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजू सारख्या नसतात. १९७६ साली अमेरिकेतल्या रीस आणि ॲस्टन या दोन शल्यविशारदांनी याचे वर्णन करून कंदावरून त्याला नाव दिले. डॉक्टर त्याला ट्यूबरस ब्रेस्ट म्हणतात. हा रोग नव्हे, कर्करोग नव्हे, कुणाला लागत नाही. कुणाला थोडे असते, कुणाला जास्त. थोडे असलेल्या कित्येक बायकांना आपल्याला असे काही आहे हे जन्मभर ठाऊकही नसते.

हे मी भावजयीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. शहरातल्या एका दवाखान्याची जाहिरात मोबाईलवर पाहून मायलेकी तिथे जाऊन आल्या होत्या. दवाखान्याचे नाव सांगत नाही. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत. टेबलावरच्या माणसाने रंगीत पुस्तक पुढे केले, सिलिकॉनच्या पिशव्या हातात दिल्या आणि म्हणाला, "साडेतीनशेची घ्या, सगळ्या तीच घेतात. दिवाळीपर्यंत सवलत आहे. आज बयाणा भरा." घरी येऊन भाऊ दुभती गाय विकायचा विचार करू लागला. लेकीचे लग्न ठरण्याआधी काय ते उरकून टाकावे, एवढेच त्या बापाच्या डोक्यात.

आता जरा पुण्याकडे चला. २३० वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण या पत्राशी तिचा संबंध आहे. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ वीटकरी-कुंभार समाजातल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. ते काम दोन इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिले, आणि १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचा वृत्तान्त चित्रासह छापून आला. तो वाचून युरोपातले डॉक्टर ही विद्या शिकले. आपल्याकडे तर सुश्रुताच्या काळापासून ती होती.

त्या कारागिराने पहिल्यांदा काय केले, तर सुरी हातात घेतली नाही. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून या माणसाच्या चेहऱ्याला किती नाक लागेल त्याचे माप घेतले. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ मारली, आणि मग तेवढेच कातडे सोडवून खाली वळवले. आधी माप, मग कात्री. चोळी शिवणारा शिंपीही हेच करतो. दुसऱ्याच्या मापाची चोळी स्वस्तात मिळाली तरी अंगाला बसत नाही. चोळी उसवता येते. अंगात बसवलेली पिशवी काढायची तर पुन्हा भूल, पुन्हा टाके.

दोन दिवसांनी आम्ही तिघी परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो. सकाळी लवकर रांग लावली, केसपेपर काढला आणि प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीबाहेर बसलो. तिथे हात भाजलेली बाई होती, ओठ फाटलेले बाळ होते, मशीनमध्ये बोटे गेलेला कामगार होता. भावजय इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "वन्सं, हितं आपलं काम म्हंजे लाजच वाटती." मी म्हटले, "लाजायचं काय त्यात? त्यांचं त्यांना दुखतंय, पोरीचं पोरीला."

आत बाई डॉक्टर होत्या, शेजारी नर्स उभी होती. तपासताना नर्स किंवा घरची बाई जवळ हवी असे म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे, हे लक्षात ठेवा. डॉक्टरांनी पुस्तक दाखवले नाही. त्यांनी आधी पोरीला विचारले, "तुला यात काय नको वाटतं?"

पोरगी जमिनीकडे बघून म्हणाली, "दोन्ही सारखे न्हाईत. आन पुढं नळीसारखं दिसतं. ब्लाऊज बसत न्हाई."

"आणि मोठे हवेत का?"

"न्हाई. मोठं नको मला. सारखं पायजे."

भावजय तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या दिवसांत हा प्रश्न पोरीला कुणी विचारलाच नव्हता. आईने नाही, बापाने नाही, आणि साडेतीनशेची पिशवी विकणाऱ्याने तर नाहीच.

मग डॉक्टरांनी टेप आणि कर्कटकासारखे एक माप काढले. गळ्याखालच्या खाचेपासून बोंडापर्यंतचे अंतर, स्तनाच्या बुडाची रुंदी, काळ्या वर्तुळापासून खालच्या वळीपर्यंतचे अंतर, वरच्या कातडीची जाडी, सगळे दोन्ही बाजूंचे वेगवेगळे लिहून घेतले. मग कागदावर चित्र काढून समजावले. त्यांनी सांगितले ते आणि पुढे मी विचारून-वाचून घेतले ते, असे तुमच्यासाठी एकत्र करून सांगते.

पहिले म्हणजे, या दोषात नुसती पिशवी आत सारून भागत नाही. आतला आवळ पट्टा डॉक्टरांना खालच्या बाजूने चिरा देऊन मोकळा करावा लागतो, वर सरकलेली वळी खाली आणावी लागते, आणि गरज असेल तर काळे वर्तुळ लहान करावे लागते. हे न करता पिशवी बसवली तर जुनी वळी तशीच राहते आणि तिच्याखाली पिशवीचा दुसरा फुगवटा दिसतो, म्हणजे एकाखाली एक दोन वळ्या. म्हणून ज्याने हे काम आधी केले आहे अशाच डॉक्टरकडे जावे.

दुसरे, पिशवीची रुंदी. पिशव्या सीसीवर विकतात, म्हणून बायका "किती सीसी?" असे विचारतात. खरा प्रश्न "किती रुंद?" हा आहे. समजा अडीचशे सीसीच्या दोन पिशव्या आहेत. एक साडेअकरा सेंटिमीटर रुंद आणि चपटी, दुसरी साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि फुगीर. आत भरलेला माल सारखाच, पण अंगावर दोन्हींचे रूप वेगळे. आपल्या मुलीच्या छातीला बुडाशी किती रुंदी शोभेल आणि तिची कातडी किती ताण सोसेल, यावरून आधी रुंदी ठरते, मग फुगवटा, आणि सीसी सगळ्यांत शेवटी. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर दोन बाजूंना दोन मापांच्या पिशव्या लागू शकतात. कातडी फारच अपुरी असेल तर काही वेळा आधी फुगवण्याची पिशवी बसवतात, तिच्यात थोडे थोडे मीठपाणी भरून जागा वाढवतात, आणि कायमची पिशवी काही महिन्यांनी बसवतात. म्हणजे दोन शस्त्रक्रिया. हे आधी विचारून घ्यावे.

तिसरे, आकार. एक पिशवी गोल असते, दुसरी पाण्याच्या थेंबासारखी, खाली भरलेली. या दोषात खालचा भागच कमी असतो, म्हणून थेंबाची पिशवी पुष्कळ डॉक्टरांना सोयीची वाटते. पण ती आत फिरली तर आकार वाकडा दिसतो. गोल पिशवी फिरली तरी गोलच.

चौथे, पिशवीचा पृष्ठभाग. थेंबाची पिशवी फिरू नये म्हणून ती बहुधा खरखरीत असते. खरखरीत पिशव्यांभोवती काही बायकांना लसिका पेशींचा एक विरळा कर्करोग झालेला आढळला. २०१९च्या जुलैत अमेरिकेच्या औषध खात्याने सांगितल्यावरून ॲलर्गन कंपनीने आपल्या बायोसेल जातीच्या खरखरीत पिशव्या जगभरातून परत घेतल्या. हा आजार फार थोड्यांना होतो, आणि वेळेवर कळला तर पिशवी आणि तिच्याभोवतीचा पापुद्रा काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. तरी पिशवी गुळगुळीत की खरखरीत, आणि तीच का, हे विचारल्याशिवाय सही करू नये. बसवल्यावर काही वर्षांनी एक बाजू अचानक सुजली तर घरी शेकत बसू नये, डॉक्टर गाठावा.

पाचवे, आत काय भरले आहे. बाहेरचे कवच सिलिकॉनचेच असते. आत मीठपाणी किंवा घट्ट सिलिकॉन जेल असते. मीठपाण्याची पिशवी फुटली तर ती बसते आणि लगेच कळते. पाणी अंगात जिरते. पण वरची कातडी पातळ असेल तर तिच्या सुरकुत्या हाताला लागतात. जेलची पिशवी हाताला मऊ लागते, पण ती फुटली तरी कधी कधी बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून जेलची पिशवी बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. करून पाहावे, असे अमेरिकेचे औषध खाते सांगते.

सहावे, पिशवी ठेवायची कुठे. स्नायूच्या वर, खाली, की वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग स्तनाखाली. कातडी पातळ असलेल्यांना तिसरी रीत पुष्कळदा बरी पडते. वरची कड दिसत नाही आणि खालचा भाग मोकळा पसरतो. हे डॉक्टरांनी ठरवायचे, पण का ठरवले ते आपण विचारायचे.

पिशवी नको असेल तर दुसरी वाटही आहे. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून स्तनात भरतात. त्यात परकी वस्तू अंगात राहत नाही. पण भरलेल्या चरबीतली काही जिरून जाते, म्हणून दोन-तीन वेळा करावे लागू शकते, आणि अंगाने काटक पोरीकडे काढायला चरबीच नसते. काही ठिकाणी चरबी आणि पिशवी दोन्ही मिळून वापरतात. आणि काहीच न करणे हीसुद्धा एक वाट आहे. त्याने प्रकृतीला अपाय होत नाही.

आता जाहिरातीत न लिहिलेल्या गोष्टी ऐका. ही पिशवी जन्मभराची नव्हे. विहिरीवर मोटार बसवली की खर्च संपला असे होत नाही. कधी तरी ती काढावी लागते, दुरुस्त करावी लागते. तसेच हे आहे. शरीर पिशवीभोवती आपला पापुद्रा करते. काहींचा पापुद्रा आवळतो, छाती टणक होते, दुखते, आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागते. वीस वर्षांच्या पोरीने पिशवी बसवली तर पुढच्या आयुष्यात एकदा तरी, कदाचित जास्त वेळा, पुन्हा टेबलावर जायची तयारी ठेवावी. तो पुढचा खर्च आजच धरावा. गाय एकदाच विकता येते. आणि सावकाराकडे तर या कामासाठी जाऊच नये. रुग्णालयात सरकारी योजनेचा आरोग्यमित्र बसतो. हे काम योजनेत बसते की नाही ते बयाण्याआधी त्यालाच विचारावे. केवळ रूपासाठीचे काम म्हणून पुष्कळ वेळा नकार मिळतो, तरी विचारायला पैसे पडत नाहीत. तमिळनाडू सरकारने २०१८ साली चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात गरीब बायकांसाठी स्तनाच्या अशा शस्त्रक्रिया फुकट करण्याची सोय केली. तेव्हा गरिबाला हे चोचले कशाला, असे म्हणणारेही निघाले. माझे म्हणणे, ज्याचे दुखते त्याला विचारावे.

स्वस्तातल्या मालाचेही सांगते. फ्रान्समध्ये पीआयपी नावाची कंपनी होती. तिने पैसे वाचवण्यासाठी दवाखान्यातल्या प्रतीचे सिलिकॉन न वापरता कारखान्यात वापरायचे सिलिकॉन पिशव्यांत भरले आणि देशोदेशी विकले. २०१० साली ते उघडकीला आले, हजारो बायकांना पिशव्या काढून घ्याव्या लागल्या, आणि २०१३ साली कंपनीच्या मालकाला चार वर्षांची कैद झाली. बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल बघतो, पावती जपून ठेवतो. इथेही पिशवीच्या खोक्यावरचे कंपनीचे नाव, नंबर आणि लॉट लिहिलेले कार्ड रुग्णालयाकडून मागून घ्यावे आणि रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावे. डॉक्टरची पदवीही बघावी. प्लास्टिक सर्जरीतली एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. असावी, आणि नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत असावे. 'कॉस्मेटिक' ही नुसती पाटी म्हणजे पदवी नव्हे. तपासणीत फोटो काढतात ते जरुरीचे असते, पण चेहरा येऊ नये आणि ते जाहिरातीत वापरू नयेत, असे लिहून घ्यावे.

वयाचेही एक आहे. केवळ छाती मोठी करण्यासाठी सिलिकॉन जेलची पिशवी अमेरिकेचे औषध खाते २२ वर्षांच्या आत आणि मीठपाण्याची १८ वर्षांच्या आत मंजूर करत नाही. वाढीतल्या मोठ्या दोषाच्या दुरुस्तीला ही अट तशी लागू नाही. तरी अंगाची वाढ पुरी होऊ द्यावी आणि मनाचीही.

आणि दूध. आपल्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा निघतो, आणि निघायलाच हवा. या दोषात काही बायकांच्या स्तनात दुधाच्या ग्रंथीच कमी असतात, म्हणून शस्त्रक्रिया केली नाही तरी दूध कमी येऊ शकते. सगळ्यांना तसे होते असे नाही. शस्त्रक्रियेत काळ्या वर्तुळाभोवती चीर दिली तर दुधाच्या नळ्यांना आणि नसांना इजा होऊ शकते. म्हणून पुढे मूल पाजायचे आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे. पिशवी असलेल्या कित्येक आया मुलांना पाजतात. पण अशी छाती असलेली सून बाळंत झाली तर सासूबाईंनी एक करावे. बाळाला अंगावर लावावेच, पहिला चीक पाजावाच, आणि बाळ पुरेसे ओले करते का, वजन वाढते का हे अंगणवाडीच्या ताईकडून बघून घ्यावे. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे. "हिला दूधच नाही" असे टोमणे मारू नयेत. टोमण्यांनी दूध वाढत नाही.

परळहून परत येताना आम्ही पायीच निघालो. वाटेत भावजय म्हणाली, "वन्सं, पाव्हण्यांना सांगायचं का हे?" मी माझे मत सांगितले. छातीचा आकार ही काही मुलीतली खोट नव्हे, की बैठकीत मांडावी. नाक बसके आहे की सरळ, तसेच ते. पण उद्या शस्त्रक्रिया केली तर नवऱ्यापासून चोरून ठेवू नये. पुढे तपासण्या येतील, कधी छातीचा एक्स-रे काढताना सांगावे लागेल, आणि चोरलेली गोष्ट उघडी पडते तेव्हा ती आहे त्याहून मोठी दिसते. आणि मुख्य म्हणजे लग्न जमावे म्हणून हे काम करू नये. जो मुलगा यासाठी नाही म्हणेल, तो पुढे आणखी कशासाठी तरी म्हणेल. करायचे तर पोरीला स्वतःला हवे म्हणून करावे.

त्या रात्री भावाचा फोन आला. बिचारा एवढेच म्हणाला, "गाय विकू का नको, तेवढं सांग." पोरीने फोन आईच्या हातून घेतला आणि सांगितले, "नगा विकू, दादा. मी अजून ठरवलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दादरला जाऊन आम्ही तिला एका बाजूला आतून गादी लावता येईल अशी ब्रेसियर घेतली. आमच्या चाळीतल्या शिवणवाल्या बाईने लहान बाजूची गादी बेताची करून दिली. वर ब्लाऊज चढवून पोरीने आरशात पाहिले, बाजूने पाहिले, पुन्हा समोरून पाहिले. काही बोलली नाही. पण स्वयंपाकघरातला पडदा सरकवून ती उजेडात उभी होती, हे मी पाहिले.

तिचे अजून ठरलेले नाही, आणि मी ते ठरवणार नाही. तिने एका वहीत प्रश्न लिहून घेतले आहेत. पदवीची परीक्षा झाली की ती त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जाणार आहे. तोवर जाहिरातवाल्याचे तीन फोन येऊन गेले. आता सवलत संक्रांतीपर्यंत वाढवली आहे म्हणे.

तिच्या वहीतले प्रश्न इथे उतरवते. ज्यांच्या घरी गरज असेल त्यांनी कापून ठेवावेत.

माझ्या छातीची मापे कोणती, ती मला लिहून मिळतील का? आतला पट्टा मोकळा करणार का आणि वळी खाली आणणार का? पिशवी कोणती, किती रुंद, गुळगुळीत की खरखरीत, आत काय, कंपनी कोणती? दोन बाजूंना दोन मापे लागतील का? काम एकदा की दोनदा? चीर कुठे, वण कुठे राहील, मूल पाजता येईल का? किती दिवस डोक्यावर भारा-हंडा घ्यायचा नाही? साधारण चार ते सहा आठवडे जड काम नको असे सांगतात. तेव्हा सुगीच्या दिवसांत हे काम काढू नये. काही बिघडले तर कोण बघणार, खर्च कुणाचा? आणि काहीच केले नाही तर काय होईल?

यातल्या शेवटच्या प्रश्नाला जो डॉक्टर "काही होणार नाही, सावकाश ठरवा" असे उत्तर देईल, त्याच्याकडे पुन्हा जावे.

एक मात्र वेगळे ठेवा. मुलीची छाती पहिल्यापासूनच एका आकाराची असणे निराळे, आणि मोठ्या बाईच्या छातीत नवी गाठ लागणे, कातडी ओढली जाणे, बोंड आत जाणे, त्यातून रक्त येणे निराळे. तिथे वाट पाहायची नाही, लाजायचे नाही, जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याच आठवड्यात दाखवायचे. टाटा रुग्णालय परळला १९४१ सालापासून आहे. तिथे येणाऱ्यांत उशिरा येणाऱ्या बायकाही असतात, आणि विचारले तर त्यांतल्या पुष्कळ जणी हेच सांगतात, की सांगायला लाज वाटली.

पुढच्या पत्रात आमच्या शिवडीच्या क्षयाच्या रुग्णालयाविषयी लिहीन. घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर मात्र पुढच्या पत्राची वाट पाहू नका. आधी बेडका तपासून घ्या.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
शिवडीची ताई